तोट्यातली कुदळ

वही मीच फेकली. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून, सरळ. ती खाली सायकल स्टँडच्या पत्र्यावर पडली आणि अजून तिथंच आहे. वॉचमनने दोनदा विचारलं, काढून देऊ का म्हणून. मी म्हटलं, हात लावू नका, ऊन-पावसात लगदा होऊ दे तिचा. दोनशे पानी वही होती. पानापानावर आमच्या ह्यांच्या ठाशीव अक्षरात लोखंड किती, कोळसा किती, चामडं किती, आणि शेवटी लाल पेनाने एकच शब्द लिहिलेला: तोटा.

वाचणाऱ्याला वाटावं, माणूस कारखाना चालवतो. कारखाना कसला आणि कसलं काय. हे घरात बसून कॉम्प्युटरवर खेळ खेळतात. वय वर्षं एकसष्ट. खेळात हे लोहार आहेत. भाता खोटा, ऐरण खोटी, लोखंड खोटं, तोटा तेवढा खरा. पण आधीपासून सांगते, नाहीतर बाई उगाच तणतणते असं म्हणाल. मी तणतणते, पण उगाच नाही.

ह्यांनी एकतीस वर्षं एका कारखान्याच्या टूलरूममध्ये काढली. यंत्रांना लागणारे साचे आणि हत्यारं जिथं घडतात, ती जागा. ह्यांच्यासमोर नुसतं ड्रॉइंग धरलं की हे सांगायचे, सव्वाचार किलोचा ठोकळा लागेल, त्यातला पावणेदोन किलोचा कीस होईल, काम नऊ तासांचं. काम झाल्यावर वजन करायचे तर दहा-वीस ग्रॅम इकडेतिकडे. मोठे मोठे साहेब जिना उतरून ह्यांना विचारायला यायचे. मग एक नवा मॅनेजर आला. त्याने एक मोठी ऑर्डर पडेल भावात घेतली. हे म्हणाले, साहेब, यात मालाचा खर्चही सुटणार नाही. साहेब म्हणाले, तुम्ही तुमचं मशीन बघा. ऑर्डर झाली, व्हायचा तो तोटा झाला, आणि वर अहवाल गेला की टूलरूमवाले माल फार वाया घालवतात. नऊ जणांना नारळ मिळाला. त्यात पहिले हे.

याचा राग मला आजही येतो. पण त्याहून जास्त राग येतो तो ह्यांनी त्यातून जे घेतलं त्याचा. मॅनेजर मूर्ख होता, एवढंच घ्यायचं होतं. ह्यांनी घेतलं भलतंच: ज्यात माल सुटत नाही त्या कामाला हात लावायचा नाही, आणि दुसऱ्यालाही लावू द्यायचा नाही.

आता लेकीचं सांगते. एकुलती एक. चांगली ड्रॉइंग ऑफिसात नोकरीला होती. ह्यांची नोकरी गेली त्याच सुमारास तिने ती सोडली आणि एका म्हाताऱ्या सुताराकडे काम शिकायला लागली. हे नुसते दाढ दुखत असल्यासारखे हिंडायचे. वर्षभराने तिने पहिली खुर्ची केली आणि घरी घेऊन आली. सोबत तो म्हातारा सुतार होता, तिच्या दोन मैत्रिणी होत्या. मी चहा टाकला. चहा घेऊन बाहेर येते तर काय, हे जमिनीवर गुडघे टेकून खुर्चीला मोजपट्टी लावताहेत. पायांची जाडी, पाठीची रुंदी, सगळं मापलं. मग पाठकोऱ्या कागदावर लाकूड, पॉलिश, अकरा दिवसांची मजुरी अशी बेरीज मांडली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "एवढ्यात बाजारात चार खुर्च्या येतात."

म्हातारा सुतार खाली बघत राहिला. लेकीने कप ठेवला, मैत्रिणींना चला म्हणाली आणि गेली. महिन्याभराने गावच बदललं. तिकडे त्याच दोघी मैत्रिणींबरोबर एक शेड भाड्याने घेतली आणि सुतारकामच करायला लागली. रविवारी मला फोन करायची. ह्यांना नाही. हेही फोनजवळ बसून असायचे, पण मागायचे नाहीत. दोघांच्या नाकाची ठेवण एक, नाकाचा शेंडा एक, आणि नाकावरचा रागही एकच. खुर्ची राहिली ती माझ्याकडे. मी शिलाई मशीनवर बसते ती तिच्यावरच. सहा-सहा तास बसते, पाठीची तक्रार नाही. हे तिच्यावर कधी बसले नाहीत.

नोकरी गेलेली, लेकही गेलेली; तीन वर्षं अशी रिकामी काढता काढता ह्यांनी घरातला पंखा तीनदा उघडला. पंख्याला काही झालं नव्हतं. मी फोनवर लेकीला सांगितलं, आता मिक्सर उघडलाय, उद्या मला उघडतील.  ती म्हणाली, मी खेळते तो खेळ त्यांच्या कॉम्प्युटरवर टाकून देते, त्यात लोहारकाम आहे. तिकडे बसून तिने काय काय केलं कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशी ह्यांच्या पडद्यावर भट्टी पेटलेली. खेळात नाव लावावं लागतं, तेही तिनेच लावलं होतं: जुना पाना.

अशी दोघांची बोलाचाली परत सुरू झाली. बोलाचाली म्हणजे काय, ती संध्याकाळी शेडमधून आल्यावर तासभर खेळातल्या खाणीत लोखंड खणायची आणि ह्यांना पार्सल करायची. "लोखंड पाठवलंय." "मिळालं." बस. त्या खुर्चीनंतरच्या चार वर्षांत माझ्या नवऱ्याची आणि माझ्या लेकीची एवढीच भाषा. पण रोज. मी मशीनवर बसल्या बसल्या ऐकायची, पार्सल आलं की कॉम्प्युटर टिंग करायचा आणि हे खुर्चीत सरळ व्हायचे.

त्या खेळात दर सोमवारी लोहारांसाठी एका फळ्यावर तीन कामं लागतात. वीस ढाली करून द्या, दहा कुऱ्हाडी करून द्या. काम पुरं केलं की थोडी नाणी मिळतात आणि नावापुढे एक खूण होते. ह्यांनी दुसऱ्याच आठवड्यात वही काढली. वीस ढालींना जे लोखंड, कोळसा, चामडं लागतं ते तसंच खेळातल्या बाजारात विकलं तर सहाशे नाणी येतात. ढाली करून दिल्या तर फळा देतो साडेतीनशे. म्हणजे भट्टी पेटवायची, घाम गाळायचा आणि अडीचशे नाणी पदरची घालायची. ह्यांचं डोकंच फिरलं. ही लूट आहे म्हणाले. खेळ चालवणाऱ्या कंपनीला चार पानी पत्र लिहिलं, तक्ते जोडून. उत्तर आलं, आपल्या अभिप्रायाबद्दल आभार, खेळाचा आनंद घ्या. त्या दिवशी हे जेवले नाहीत.

खरं सांगायचं तर हिशेब बरोबर होता. तेच तर दुखणं आहे या माणसाचं. याचा हिशेब कधीच चुकत नाही.

खेळातल्या त्यांच्या टोळीतली पोरं समजावायची, काका, नाण्यांकडे बघू नका, काम करत रहा, पुढे फायदा आहे. कसला फायदा म्हणून ह्यांनी विचारलं नाही. खूण खाता येत नाही म्हणाले. तरी कुरकुरत त्र्याहत्तर कामं केली, कारण लेकीचं लोखंड येत होतं आणि आलेला माल पडून ठेवणं ह्यांच्या रक्तात नाही. चौऱ्याहत्तरावं काम लागलं त्या सोमवारी मात्र ह्यांनी भट्टी पेटवलीच नाही. तिने पाठवलेलं लोखंड जसंच्या तसं बाजारात विकलं. पुढचंही विकलं. अकरा आठवडे विकलं. तिला बोलले नाहीत, मला बोलले नाहीत. "लोखंड पाठवलंय." "मिळालं." तेवढंच.

आणि तिच्या वाढदिवसाला सगळी नाणी एका पार्सलात घालून तिला पाठवली. सोबत लिहिलं: तुझ्या लोखंडाचा नफा. मग उठून माझ्याजवळ आले आणि चार वर्षांत पहिल्यांदा हसत म्हणाले, आता बघ, खूश होईल.

अर्ध्या तासाने फोन वाजला. माझा नाही, ह्यांचा. लेकीचं नाव दिसलं तशी ह्यांनी आधी मिशीवरून हात फिरवला. स्पीकरचं बटण त्यांना कळत नाही, म्हणून मी दाबलं.

"बाबा, मी ते विकायला खणत होते?" ती म्हणाली.

हे म्हणाले, अगं पण फळ्यापेक्षा पावणेदोनपट सुटले.

"शंभर कामं झाली असती तर तुमची नाममुद्रा मिळाली असती. तुम्ही केलेल्या प्रत्येक वस्तूवर तुमचं नाव आलं असतं. एकतीस वर्षांत तुमच्या एका तरी साच्यावर तुमचं नाव होतं का?"

ह्यांनी वही जवळ ओढली.

"मी दिवसभर रंधा मारून येते, हात वळत नाहीत, तरी खणायला बसते. तुम्ही तेही विकलंत. माझ्या खुर्चीचं केलंत तेच केलंत परत." आणि फोन ठेवला.

मला वाटलं, आता तरी हा माणूस काही बोलेल. हे बोलले. वही उघडून माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "पण तूच बघ, मी कुठं चुकलो?"

तेव्हा मी वही फेकली. वही फेकून माझं भागलं नाही. जे साठलं होतं ते सगळं बोलले. म्हटलं, त्या मॅनेजरनं तुम्हाला घालवलं, आणि तुम्ही घरात मॅनेजर होऊन बसलात. तुम्ही मशीन बघा असं तो तुम्हाला म्हणाला, आणि तुम्ही पोरीला काय म्हणालात? मी हिला लहानपणी फ्रॉक शिवले त्याची कापडाची बेरीज मांडा आता. ताप आला म्हणून उशाशी बसले त्याची मजुरी लावा.  शेजारीण दार उघडून बघून गेली. बघू दे.

लेक खेळातून नाहीशी झाली. ह्यांनी पाठवलेली नाणी न उघडता परत आली. त्या खेळात पार्सल तीस दिवस पडून राहिलं की पाठवणाऱ्याकडे परत येतं, पण हिने नियमाची वाटही बघितली नाही, स्वतःच परत केलं. पार्सल आल्याची टिंग बंद झाली. मला सवय झाली होती त्या आवाजाची. घर मुकं झाल्यासारखं वाटायला लागलं.

पुढच्या सोमवारी ह्यांनी चौऱ्याहत्तरावं काम घेतलं. लोखंड नव्हतं, म्हणून बाजारातून विकत घेतलं. ज्या भावाने विकलं होतं त्याच्या दीडपट भाव झाला होता. आपणच विकलेलं लोखंड आपणच दीडपटीने घेत होते. मी हसले. वाईट हसले, मान्य आहे, पण मला फार बरं वाटलं. हे आठवड्याला तीन अशी कामं करत राहिले. पंच्याण्णवाव्या कामाला सगळी नाणी संपली. मग हे स्वतः खाणीत उतरले.

लोहाराने खाणीत उतरायचं नसतं. त्याच्या अंगात तेवढा जीव नसतो. खाणीत लांडगे असतात, दोन मिनिटांत खाली पाडतात, आणि पडलं की जमवलेलं निम्मं लोखंड तिथंच राहतं. हे दिवसाला दहा-दहा वेळा पडायचे. दुपारी मी ब्लाउजचे गळे कापत असायची आणि मागून ह्यांच्या शिव्या ऐकू यायच्या. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाने घरात शिवी दिली नव्हती. लांडग्यांनी ती करामत केली. मला दया येत होती आणि दया येते म्हणून अजून राग येत होता. पोरगी इतके महिने या लांडग्यांतून ह्यांच्यासाठी लोखंड आणत होती. ह्यांना ते आता, स्वतः पडल्यावर कळत होतं.

शंभरावं काम झालं तेव्हा पडद्यावर ढोल वाजले, टोळीतल्या पोरांनी अभिनंदन लिहिलं. नाममुद्रा मिळाली. हे म्हणाले, पहिली वस्तू कुदळ करतो. चांगल्या कुदळीला निळं लोखंड लागतं. ते खाणीच्या तळाला सापडतं, एक खडा निघायला पाव तास. चाळीस खडे लागतात. हे दहा दिवस तळाशी होते. कुदळ झाली, तिच्या दांड्यावर बारीक अक्षरं उमटली: जुना पाना यांनी घडवली. ह्यांनी मला हाक मारून दाखवली. मी चष्मा लावून वाचलं आणि बरी आहे म्हटलं. मी काय कौतुक करणार होते? जिचं कौतुक हवं होतं ती लेक तिकडे होती.

एका शनिवारी कुदळ लेकीला पार्सल केली. चिठ्ठीत काय लिहायचं यावर तास घालवला आणि शेवटी काहीच लिहिलं नाही.

मग दिवस मोजणं सुरू झालं. कॅलेंडरवर हे रोज एक रेघ मारायचे. दर रविवारी लेकीचा फोन यायचा, मी म्हणायची, बाबांनी काही पाठवलंय. ती म्हणायची, आई, तो विषय नको. पहिल्या रविवारी ऐकून घेतलं, दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या रविवारीही. पाचव्या रविवारी एकोणतीस रेघा झाल्या होत्या. हे अंघोळीला गेले होते. मी फोन बाहेर गॅलरीत नेला.

"ऐक," मी म्हटलं. "त्यांनी आयुष्यभर मालाचा हिशेब केला. तू चार वर्षं त्यांनी तुला किती दुखावलं त्याचा हिशेब करतेयस. तुझी वही त्यांच्या वहीहून जाड झालीय. त्यांची मी फेकली. तुझी फेकायला मी तिकडे येऊ का?"

तिने फोन ठेवला. लेकीनेही माझ्यावर फोन आपटला म्हणजे आता घरात कोणीच उरलं नाही, असं वाटून मी गॅलरीतच बसून रडले. रागानेच रडले.

सोमवारी संध्याकाळी, तिसाव्या दिवशी, कॉम्प्युटरची टिंग वाजली. हे पलंगावर बसले होते, ते उठलेच नाहीत. म्हणाले, परत आली. मी म्हटलं, बघा तरी. म्हणाले, तू बघ. मला त्या खेळातलं काही कळत नाही, पण पार्सलची पेटी कुठं असते ते इतके महिने बघून माहीत होतं. मी उघडली. कुदळ नव्हती. निळे खडे होते. आणि चिठ्ठी होती, एवढीच: मोडून वितळवली. परत घडवा.

मी ते मोठ्याने वाचलं आणि मला संताप आला. दहा दिवस लांडग्यांत पडून केलेली वस्तू, आणि पोरीने मोडून टाकली. काय म्हणावं या हट्टाला. तेवढ्यात हे मागे येऊन उभे राहिले होते. चष्मा कपाळावर चढवून पडद्याजवळ वाकले आणि बोटाने खडे मोजायला लागले. एकदा मोजले, दुसऱ्यांदा मोजले.

"चाळीस आहेत," हे म्हणाले.

मी म्हटलं, मग? तुम्ही चाळीसच घातले होते ना?

"कुदळ मोडली की बाराच खडे परत मिळतात. बाकीचा माल जातो." ह्यांनी पडद्यावर पुन्हा बोट टेकवलं. "अठ्ठावीस तिनं खणलेत. सात तास झाले."

काल माझा फोन ठेवल्यापासून, मी मनात म्हटलं. ह्यांना बोलले नाही.

हे खुर्चीत बसले. बसले आणि त्यांचं बोट सवयीने बाजाराच्या पानावर गेलं, जिथं सगळ्या मालाचे भाव लागतात. माझ्या अंगाची लाही झाली. मी त्यांच्या हातावर चापट मारली, जोरात, लहान मुलाला मारतात तशी.

"भाव बघत नाहीये," हे हात चोळत म्हणाले. "कोळसा कमी आहे. घेतोय."

त्यांनी कोळसा घेतला. भट्टी पेटली. मी तिथंच उभी होते, हात अजून शिवशिवत होता.

"कितीला पडला?" मी विचारलं.

"बघितलं नाही," हे म्हणाले.